तंजावरात राहून स्वयंसेवा आणि शहरदर्शन : कामाचा योग्य क्रम

तंजावरात दोन-तीन महिने राहावे, एखाद्या संस्थेत विनामोबदला काम करावे आणि सवडीने शहर व परिसर पाहावा, असा बेत आखणारी मराठी माणसे बहुतेक वेळा एकाच ठिकाणी चुकतात. ती आधी तिकीट काढतात, मग खोली शोधतात, आणि काम तेथे पोहोचल्यावर मिळेलच असे गृहीत धरतात. आपण मराठी आहोत आणि थोडीफार मोडी लिपी वाचतो, एवढ्यावर सरस्वती महाल या तेथील राजवाड्यातल्या ग्रंथालयाचे दप्तर आपल्यापुढे उघडले जाईल, ही समजूत तर फारच पसरलेली आहे. प्रत्यक्षात अर्ज, उत्तराची वाट आणि ओळखपत्रांची पूर्तता यांतच मुक्कामाचे पहिले काही आठवडे जातात. तेवढ्या अवधीत रिकामपणी सगळी ठिकाणे घाईने पाहून होतात, आणि काम सुरू होते तेव्हा परतीची तारीख जवळ आलेली असते. म्हणून पुढील क्रम उलटा लावला आहे: आधी काम, मग काळ, मग मुक्काम आणि त्यानंतर फिरणे.

## टप्पा १ : एकच काम निवडणे

तंजावरात बाहेरच्या माणसाला करता येण्याजोगी कामे साधारण तीन प्रकारची आहेत, आणि त्यांची तयारी एकमेकांहून अगदी वेगळी असते.

पहिले काम कागदपत्रांचे. राजवाड्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितांबरोबर मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. १९८१ साली स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठातही मोडी कागदपत्रांवर काम झालेले आहे. येथे लिप्यंतर, सूची करणे, जुनी सूची तपासणे अशा कामांना उपयोग होऊ शकतो. मात्र ही दोन्ही ठिकाणे स्वयंसेवकांसाठी दार उघडे ठेवून बसलेली नाहीत. तेथे काम करायचे तर तुमचा प्रस्ताव त्यांच्या चालू कामात बसला पाहिजे.

दुसरे काम देवळांच्या स्वच्छतेचे. तमिळनाडूत त्याला उळवारप्पणी म्हणतात. शैव संत अप्पर हातात गवत काढण्याचे अवजार घेऊन देवळांची आवारे साफ करीत, त्या परंपरेवरून हे नाव आले. सुट्टीच्या दिवशी गट जमतात, आवारातले गवत काढतात, समया आणि भांडी घासतात, मंडप धुतात. भाषा कमी येत असली तरी येथे अडत नाही, म्हणून नवख्यासाठी मी हेच काम सुचवीन.

तिसरे काम मुलांना शिकवणे किंवा वृद्धांच्या संस्थेत मदत करणे. येथे हिंदी चालेल असे समजू नये. इंग्रजी आणि कामचलाऊ तमिळ यांशिवाय लहान मुलांच्या वर्गात उभे राहून कोणाचाच फायदा होत नाही.

दोन कामे एकत्र घेण्याचा मोह टाळावा. सकाळी कागद आणि संध्याकाळी शिकवणी असा बेत कागदावर छान दिसतो. उन्हाळ्याच्या तोंडावर तो पंधरा दिवसही टिकत नाही.

सावधान : स्वयंसेवेसाठी तुमच्याकडूनच आगाऊ मोठी रक्कम मागणाऱ्या मध्यस्थांना दूर ठेवावे. राहण्या-जेवणाचा खर्च संस्था घेत असेल तर त्याची पावती आणि तपशील आधी मागावा.

## टप्पा २ : पत्रव्यवहार

सर्वाधिक चुका येथेच होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा. निघण्याच्या किमान तीन-चार महिने आधी पत्र जायला हवे, आणि ते इंग्रजीत किंवा तमिळमध्ये असावे. हिंदी पत्र तेथील कार्यालयात बहुधा बाजूला पडते, आणि मराठी पत्र वाचणारा माणूस योग्य टेबलावर असेलच असे नाही.

पत्र एका पानाचे ठेवावे. त्यात तुम्ही कोण, कोणते कौशल्य कोणत्या पातळीचे आहे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्यातून किती तास येऊ शकता आणि तुम्हाला संस्थेकडून काय हवे, एवढेच लिहावे. पूर्वजांचा, इतिहासप्रेमाचा किंवा शिवकाळाचा उल्लेख करण्याची गरज नाही. 'मोडी येते' असे मोघम लिहिण्याऐवजी आपण स्वतः केलेल्या एखाद्या पानाचे लिप्यंतर, मूळ पानाच्या प्रतीसह, जोडावे. संस्थेला निर्णय घ्यायला तेवढा एक कागद पुरतो.

काम संशोधनाच्या जवळ जाणारे असेल, म्हणजे तुम्हाला मूळ कागद हाताळायचे किंवा त्यांच्या प्रती हव्या असतील, तर तसे पत्रातच स्पष्ट सांगावे. स्वयंसेवक म्हणून आत जाऊन नंतर स्वतःच्या लेखासाठी कागद मागणे हा विश्वासघात समजला जातो, आणि तो समज योग्यच आहे. विद्यापीठाशी किंवा मान्यताप्राप्त मंडळाशी संबंध असेल तर त्यांचे शिफारसपत्र जोडावे.

उत्तर आले नाही तर एक आठवणपत्र पाठवावे आणि त्यानंतर कार्यालयीन वेळेत दूरध्वनी करावा. तोंडी होकार मिळाला तरी त्यावर तिकीट काढू नये. 'अमुक तारखेपासून या' एवढी एक ओळ तरी लेखी मागून घ्यावी.

सावधान : परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचे ओळखपत्र) असलेल्या वाचकांना भारतात संशोधन करण्यासाठी वेगळी परवानगी लागते. आपले काम संशोधनात मोडते का, हे संस्थेकडून आणि संबंधित कार्यालयाकडून आधी विचारून घ्यावे.

तपासा : लेखी होकार, कामाची जागा, कामाचे वार, सुट्टीचे वार आणि तुमच्यावर देखरेख ठेवणाऱ्या व्यक्तीचे पद, या पाच गोष्टी हाती असल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नये.

## टप्पा ३ : काळ ठरवणे

महाराष्ट्राचे ऋतुचक्र डोक्यात ठेवून तारखा ठरवल्या की घोटाळा होतो. तंजावरला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. आपल्याकडे पाऊस संपला म्हणून दिवाळीच्या सुमारास निघालेला माणूस तेथे ऐन पावसात उतरतो. एप्रिल आणि मे महिन्यांत ऊन असह्य असते. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ दीर्घ मुक्कामाला सर्वांत सोयीचा आहे.

त्याच काळात दोन अडचणी येतात. पोंगलच्या दिवसांत, म्हणजे १४ जानेवारीच्या आसपास, कार्यालये अनेक दिवस बंद असतात. पौष वद्य पंचमीला तिरुवैयारु येथे त्यागराज आराधना होते, आणि त्या सुमारास तंजावरातल्या खोल्याही भरतात. म्हणून कामाची सुरुवात पोंगलनंतरच्या आठवड्यात ठेवावी. दिवाळीची तेथील मुख्य सुट्टी नरक चतुर्दशीला असते, हेही शरद ऋतूत जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आपल्या लक्ष्मीपूजनाला कार्यालय उघडे असू शकते.

## टप्पा ४ : घरी करायची तयारी

तमिळ लिपी ओळखण्याइतकी शिकावी. बसची पाटी, दुकानाचे नाव आणि कार्यालयाचा फलक वाचता आला तरी रोजचा निम्मा त्रास वाचतो. बोलण्यापुरते 'एव्वळवु' (किती), 'पोदुम' (पुरे), 'एंगे' (कुठे), 'नन्री' (आभार) हे शब्द आणि १ ते १०० आकडे पाठ करावेत. वयाने मोठ्या पुरुषाला अण्णा किंवा अय्या, स्त्रीला अक्का किंवा अम्मा म्हणून हाक मारली की संभाषण सुरळीत सुरू होते.

कागदपत्रांचे काम घेणाऱ्यांना याहून अधिक तयारी लागते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात, हे सर्वांना ठाऊक असते. तंजावरच्या कागदांत अडखळायला होते ते तमिळ गावांच्या आणि माणसांच्या नावांपाशी. आसपासच्या गावांची नावे तमिळ उच्चारानुसार आधी ओळखीची करून घ्यावीत. ओळखीची नसतील तर वाचणारा नकळत त्या जागी मराठी शब्द बसवतो, आणि अशी चूक नंतर कोणाच्या लक्षातही येत नाही.

कालगणनेचा सराव वेगळा करावा. मोडी कागदांत शुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांत चालणारी एक जुनी कालगणना, अरबी संख्याशब्दांत लिहिलेला आढळतो. उदाहरणार्थ, 'सलास मयातैन व अलफ' म्हणजे १२०३. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, बदलते. म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारी ते मृगापर्यंत ६०० मिळवावे. वरील सन याप्रमाणे इ.स. १८०२-०३ होतो. शकात चैत्र ते डिसेंबरअखेर ७८ आणि पुढे फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावे लागतात. तमिळ वर्ष मात्र सौर आहे. ते एप्रिलच्या मध्यास सुरू होते, आणि त्याचे महिने आपल्या चांद्र महिन्यांशी तारखेला तारीख जुळत नाहीत. हा हिशेब घरी पक्का झालेला असावा. तेथे बसून बोटांवर मोजू लागल्यास दिवसाला एक कागदही हातावेगळा होत नाही.

## टप्पा ५ : प्रवास आणि मुक्काम

जवळचा विमानतळ तिरुचिरापल्लीचा असून तेथून तंजावर सुमारे ६० किलोमीटरवर आहे. बस वारंवार मिळतात. चेन्नईमार्गे रेल्वेने जाताना मुंबई-पुण्याकडची गाडी कोणत्या स्थानकावर पोहोचते आणि तंजावरची गाडी कोणत्या स्थानकावरून सुटते, हे तिकिटावर पाहावे. दक्षिणेकडच्या गाड्या मुख्यतः चेन्नईच्या एग्मोर स्थानकाकडून जातात, आणि दोन स्थानकांमधल्या प्रवासाला वेळ राखून ठेवावा लागतो.

तंजावरात दोन बसस्थानके आहेत. जुने शहरात, मोठ्या देवळापासून (बृहदीश्वर मंदिरापासून) जवळ. नवे शहराबाहेर, काही किलोमीटरवर. बाहेरगावच्या गाड्या नव्या स्थानकावर सोडतात. सामानासह रात्री तेथे उतरल्यास रिक्षाचे भाडे बसण्याआधी ठरवावे. साध्या शहरी बसमध्ये स्त्रियांना २०२१ पासून तिकीट लागत नाही.

खोली दुरून निश्चित करू नये. पहिले चार-पाच दिवस लॉजवर राहून कामाच्या ठिकाणापर्यंत पायी जाऊन पाहावे आणि मगच खोली घ्यावी. राजवाड्यात काम असेल तर किल्ल्याच्या जुन्या हद्दीतले रस्ते किंवा जुन्या बसस्थानकाचा परिसर सोयीचा. तमिळ विद्यापीठ शहराबाहेर आहे, म्हणून तेथे काम असेल तर नव्या बसस्थानकाच्या बाजूस राहावे. 'मोठ्या देवळाच्या समोर खोली' ही कल्पना आकर्षक असली तरी उत्सवाच्या दिवसांत तेथे झोप मिळत नाही.

करार लेखी करावा. तमिळनाडूतील २०१७ च्या भाडेविषयक कायद्यात निवासी जागेच्या अनामतीसाठी तीन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, पण दोन्ही पक्षांनी वेगळे ठरवल्यास ती लागू राहत नाही. म्हणून सही करण्याआधी अनामतीचा आकडा आणि ती परत मिळण्याची मुदत नीट वाचावी.

तपासा : खोलीत दुपारी पंखा चालू ठेवून अर्धा तास बसून पाहावे. वरच्या मजल्यावरील गच्चीलगतच्या खोल्या स्वस्त का असतात, हे तेवढ्यात कळते.

## टप्पा ६ : पहिला आठवडा

या आठवड्यात शहरदर्शन करू नये. बृहदीश्वर मंदिरात एकदा संध्याकाळी जाऊन यावे, बाकीचा वेळ कामाच्या ठिकाणी हजेरी, ओळखी, जेवणाची सोय आणि वेळापत्रक बसवण्यात घालवावा. भाताचे पूर्ण जेवण बहुतेक खानावळींत दुपारीच मिळते आणि रात्री इडली-डोशासारखे टिफिन असते. रात्री भात लागणाऱ्यांनी त्याची सोय आधीच पाहावी.

शहरात पिढ्यान्पिढ्या राहणारी मराठी भाषक कुटुंबे आहेत. त्यांची मराठी आपल्यापेक्षा वेगळी आहे. ती ऐकावी, सुधारू नये. आमंत्रण नसताना घरांचे फोटो काढणे, आडनावांची चौकशी करणे, 'तुम्ही मूळचे कुठले' असे पहिल्याच भेटीत विचारणे, हे प्रकार तेथील लोकांनी पुरेसे सोसले आहेत. राजवाड्याच्या आवारातला काही भाग भोसले घराण्याचे खाजगी निवासस्थान आहे, तेथे पाटी असो वा नसो, शिरू नये.

## टप्पा ७ : प्रत्यक्ष काम

कागद हाताळताना. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, तेल किंवा मलम लावू नये. पेन बाहेर ठेवावे, फक्त शिसपेन्सिल आत न्यावी. रुमाल सोडण्याआधी त्याचा क्रमांक, गाठीची बाजू आणि आतल्या कागदांचा क्रम लिहून ठेवावा. रुमाल पुन्हा बांधताना क्रम बिघडला तर पुढच्या वाचकाचे नुकसान होते. चिकटलेले कागद स्वतः सोडवू नयेत. ताडपत्रे दोन्ही हातांनी, फळीसह उचलावीत. त्यांना तेल लावणे, अक्षरांवर काजळी भरणे ही संवर्धन विभागाची कामे आहेत, आणि 'एवढे तर करतो' म्हणून स्वयंसेवकाने त्यांत हात घालू नये.

लिप्यंतर करताना जसे लिहिले तसेच उतरवावे. शंका असलेल्या अक्षरापुढे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह द्यावे, न वाचलेल्या जागी टिंबे द्यावीत आणि अर्थ लावण्याचा प्रयत्न वेगळ्या स्तंभात ठेवावा. अर्थ आणि वाचन एकाच ओळीत मिसळलेले लिप्यंतर संस्थेला पुन्हा पहिल्यापासून तपासावे लागते. त्यापेक्षा ते केलेच नसते तर बरे, असे म्हणण्याची वेळ येते.

सावधान : मोबाइलवर कागदाचा फोटो काढण्याआधी प्रत्येक वेळी विचारावे. काल परवानगी होती म्हणून आज आहे असे नाही.

देवळात काम करताना. गटप्रमुख सांगेल तेवढेच करावे. चोळकालीन देवळांच्या भिंती आणि अधिष्ठाने (दगडी जोती) शिलालेखांनी भरलेली असतात. त्यांवर तारेचा ब्रश, आम्ल, चुना, तेल, खडूची पूड यांपैकी काहीही लावू नये. अक्षरे स्पष्ट दिसावीत म्हणून खडू घासणे हाही अपायच आहे. गोपुरावर किंवा दगडांच्या सांध्यांत उगवलेली रोपे ओढून काढू नयेत, कारण मुळांबरोबर सांधा ढिला होतो. ते काम संबंधित खात्याचे आहे. पाणी वापरताना ते कोठे वाहून जाते ते आधी पाहावे. काम सकाळी लवकर आटोपावे, कारण दहानंतर अनवाणी पायांना दगड पोळतो.

मुलांबरोबर काम करताना. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबू नये, मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नयेत, आणि पोलिस पडताळणी मागितली तर नाराज न होता ती द्यावी. ती न मागणाऱ्या संस्थेबद्दलच अधिक विचार करावा.

## टप्पा ८ : शहर आणि परिसर पाहण्याचा क्रम

काम सुरळीत झाले की दुसऱ्या आठवड्यापासून आठवड्याला एक मोठी आणि एक छोटी फेरी पुरेशी आहे. देवळांतील दर्शन दुपारी सुमारे साडेबारा ते चार बंद असते. दिवसाचा सगळा बेत या एका गोष्टीभोवती बसवावा लागतो, आणि बहुतेकांचे दिवस वाया जातात ते याकडे दुर्लक्ष केल्यामुळेच.

पहिली फेरी बृहदीश्वर मंदिराची, पण ती एकदाच करू नये. सकाळी उघडताच जाऊन विमान (गाभाऱ्यावरचे शिखर) आणि अधिष्ठानावरील लेख पाहावेत, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फक्त प्राकाराची, म्हणजे आवारभिंतीलगतची, ओवरी पाहावी. ओवरीच्या नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीवर तंजावरचे भोसले राजे दुसरे शरभोजी यांच्या काळात, १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी लेख आहे. तो बाळबोध (देवनागरी) लिपीत असल्याने मोडी न येणाऱ्यालाही वाचता येतो. एका बैठकीत तो पुरा होत नाही. रोज थोडा भाग वाचून वहीत टिपत गेल्यास मुक्कामभर पुरतो. गाभाऱ्याभोवतीच्या आतल्या मार्गातील चोळकालीन भित्तिचित्रे सर्वसामान्यांसाठी खुली नाहीत. त्यासाठी तेथील कर्मचाऱ्यांना गळ घालू नये. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत तिपाईला वेगळी परवानगी लागते, ड्रोन तर आणूच नये.

दुसरी फेरी राजवाड्याची. सरस्वती महालाचे संग्रहालय, कांस्यमूर्तींचे कलादालन आणि दरबार सभागृह एकाच आवारात असले तरी तिकिटे आणि वेळा एकत्र आहेत असे धरू नये. साप्ताहिक सुट्टीचा वारही आदल्या दिवशी विचारावा. कांस्यमूर्तींना घाईत अर्धा तास देणे म्हणजे त्या न पाहणेच. ग्रंथालयात काम करणाऱ्यांनी दुपारच्या सुट्टीत रोज एकेक मूर्ती पाहावी.

तिसरी फेरी बाहेरची. तिरुवैयारु १३ किलोमीटरवर आहे, अर्ध्या दिवसात होते. दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर आणि गंगैकोंडचोळपुरम एकाच दिवसात करायचे असल्यास पहाटे निघून आधी लांबचे, म्हणजे सुमारे ७० किलोमीटरवरचे गंगैकोंडचोळपुरम गाठावे, दुपारची बंद वेळ कुंभकोणममध्ये जेवणात काढावी आणि चारनंतर दारासुरमला जावे. क्रम उलटा केला तर गंगैकोंडचोळपुरमच्या उघड्या आवारात ऐन दुपारी पोहोचाल आणि परतायला रात्र होईल. मूर्तिकारांची कामे पाहायची असतील तर स्वामीमलै वेगळ्या दिवसासाठी ठेवावे. कारागिरांचा वेळ जाणार असेल तर काहीतरी विकत घ्यावे, निदान विचारून आत जावे.

तपासा : प्रत्येक फेरीच्या आदल्या दिवशी कामाच्या ठिकाणी सांगितले आहे का? न सांगता दोनदा गैरहजर राहिलेल्या स्वयंसेवकाला कोणी रागावत नाही, फक्त त्याच्यापुढे कागद यायचे थांबतात.

## टप्पा ९ : निघण्यापूर्वी

शेवटचे दहा दिवस नवीन काम घेऊ नये. केलेल्या कामाची यादी रुमाल किंवा फाइलच्या क्रमांकानुसार करावी: पुरे झालेले, अर्धवट आणि शंका असलेले, असे तीन भाग ठेवावेत. अर्धवट कामाबरोबर आपण वापरलेली संक्षेपांची यादी द्यावी, नाहीतर पुढचा माणूस तुमचे प्रश्नचिन्ह मूळ कागदातले समजेल. संगणकावरील प्रत संस्थेच्या यंत्रावर उघडते का, विशेषतः देवनागरी अक्षरे नीट दिसतात का, हे समोर बसून पाहावे. स्वतःकडे प्रत ठेवायची असेल तर लेखी परवानगी घ्यावी.

प्रमाणपत्र हवे असल्यास ते शेवटच्या दिवशी मागू नये, सहीचा अधिकारी रजेवर असतो. अनामत परत मिळण्यासाठी घरमालकाला किमान पंधरा दिवस आधी लेखी कळवावे, वीजबिलाचा शेवटचा आकडा दोघांनी मिळून पाहावा आणि रक्कम खात्यात जमा झाल्यावरच किल्ली द्यावी.